रांगेपुढे वाजवणाऱ्यांचा पिक्चर

आमच्या नाशिकच्या गोदापार्कवर संध्याकाळी गिटार घेऊन बसणारा आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे. महिन्यापूर्वी त्याला मी एक जुना इंग्रजी पिक्चर पेनड्राइव्हवर दिला होता, 'सेंट मार्टिन्स लेन', १९३८ चा, ब्लॅक अँड व्हाइट, रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवरचा. परवा पेनड्राइव्ह परत द्यायला आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, काका तुम्ही कॉमेडी म्हणाला होतात, यात हिरो जाडा, स्टोरी पुढे काय होणार ते अर्ध्या तासात कळतं, गाणी तर एकही लक्षात राहिलं नाही, तुम्हाला यात एवढं काय दिसतं? तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, एका भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला उघडून बसलो होतो, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. म्हणून आता सावकाश लिहितोय, कारण प्रश्न चांगला आहे आणि उत्तर दोन वाक्यात मावणारं नाही.

आधी माझी बाजू सांगतो म्हणजे तुला कळेल मी कुठून बोलतोय. मी सव्वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं, सुरुवातीला साइड ड्रम, नंतर क्लॅरिनेट, आणि मधली काही वर्षं एका ऑर्केस्ट्रात माउथ ऑर्गन आणि ॲकॉर्डियन. म्हणजे आयुष्यातलं निम्मं वाजवणं रस्त्यावर उभं राहून किंवा चालत चालत झालं. सिनेमातलं मला फार कळतं असं नाही, कॅमेरा कुठे ठेवला वगैरे त्यातली माणसं सांगतील. पण रस्त्यावर वाजवण्याबद्दल कोणी खोटं दाखवलं तर मला पाच मिनिटात कळतं, आणि नव्वद टक्के पिक्चरमध्ये खोटंच असतं. हिरो चौकात गिटार काढतो आणि पहिल्याच ओळीला अख्खा बाजार थांबतो! अरे बाबा, मेनरोडवर दिवाळीच्या आठवड्यात उभा राहून बघ कोण थांबतं ते. हा पिक्चर मला आवडतो तो सगळ्यात आधी यासाठी, की यात कोणी थांबत नाही. जे ऐकतायत ते आधीच थांबलेले आहेत, दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी.

तू ही गोष्ट मिस केलीस असं मला वाटतं, त्यामुळे ती नीट सांगतो.

सेंट मार्टिन्स लेन ही लंडनमधली खरी गल्ली आहे, ट्राफल्गार स्क्वेअरच्या बाजूला, आणि त्या गल्लीत नाटकाची थेटरं एकमेकांना चिकटून आहेत, ड्यूक ऑफ यॉर्क्स १८९२ पासून, कोलिझियम १९०४ पासून. त्या काळी तिथल्या नाटकांची महागडी तिकिटं आधी बुक व्हायची पण पिट आणि गॅलरी म्हणजे स्वस्तातल्या जागा, त्यांना नंबर नसायचे, जो आधी आत घुसेल त्याची जागा. त्यामुळे लोक तासन् तास बाहेर रांगेत. रांगेत बसायला छोटी स्टुलं भाड्यानं मिळायची, म्हणजे स्टूल ठेवलं की तुमचा नंबर लागला, मधे चहा पिऊन या. आता विचार कर, शे-दोनशे माणसं, खिशात थोडीफार सुट्टी नाणी, करमणुकीचाच मूड, जाऊ शकत नाहीत कारण नंबर जाईल, आणि करायला काही नाही. याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक रस्त्यावरच्या कलाकाराला स्वर्गात पण मिळणार नाही. पिक्चरमधली सगळी मंडळी या रांगेवर जगतात. एक जण कविता म्हणतो, एक वाजवतो, कोणी नाचतं, आणि प्रत्येकाला आपली पाळी संपवून टोपी फिरवायची असते ती थेटरचं दार उघडायच्या आत.

इथेच कॉमेडी आहे. दार उघडलं की रांग पुढे सरकणार, आणि तू कितीही रंगात आलेला अस, तुझं पब्लिक तुझ्या डोळ्यासमोरून गायब होणार. पैसे देणारा तुझ्यासाठी आलेलाच नव्हता. तू म्हणालास विनोद कुठे आहेत, तर विनोद डायलॉगमध्ये कमी आहेत, तो या घाईत आहे, एका बाजूला कलाकाराचा केवढा मोठा आव आणि दुसऱ्या बाजूला डोळा दारावर.

आमच्या बँडमध्ये हे जसंच्या तसं होतं. वरातीत लोक नवरदेवावरून नोटा ओवाळतात आणि वाजवणाऱ्याच्या हातात किंवा तोंडासमोर धरतात. आमच्या मास्तरांचा नियम होता की नोट हवेत दिसली की अंतऱ्याला जायचं नाही, मुखडाच पुन्हा पुन्हा वाजवायचा. अंतऱ्यात नाचणारा जरा सैल पडतो, श्वास घेतो, आणि श्वास घेतला की नोट परत खिशात जाते. कितीतरी गाण्यांचे अंतरे मी आयुष्यात वाजवलेच नाहीत. बायको म्हणायची तुम्हाला एक गाणं पूर्ण येत नाही, आणि ते खरंच होतं, आजही काही गाण्यांचा अंतरा मला रेडिओवर लागला की नवीन वाटतो.

तर गोष्ट थोडक्यात, म्हणजे ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही कळेल. चार्ली नावाचा एक माणूस रांगेपुढे नाट्यमय कविता म्हणून पोट भरतो, हे काम चार्ल्स लॉटननं केलंय. लिब्बी नावाची एक भुरटी चोर पोरगी त्याच्या कमाईतलं नाणं उचलते, ती व्हिव्हियन ली. पुढे ती एका बड्या गाणी लिहिणाऱ्याची सोन्याची सिगारेट केस पण लांबवते, तो रेक्स हॅरिसन. चार्ली तिच्या मागावर जातो, तिला नाचता येतं हे त्याला दिसतं, तो तिला आपल्यात घेतो, दोन-तीन जण मिळून पार्टी काढतात, धंदा बरा चालतो, आणि मग तो सिगारेट केसवाला तिला खऱ्या स्टेजवर घेऊन जातो. ती स्टार होते, हा ढासळतो. दिग्दर्शक टिम व्हेलन, मूळचा अमेरिकन. कथा क्लेमेन्स डेन या बाईंची. संपला दीड तासाच्या आत.

पुढे काय होणार ते कळतं हे मान्य. पण मला सांग, कीर्तनाला बसल्यावर हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे कोणाला माहीत नसतं?

आता ते नाण्याचं बघ. नाणं किती, चिल्लर. पण चार्लीचा जो संताप आहे, एवढ्याशा नाण्यासाठी एवढा जाडा माणूस जे पेटतो, ते बघून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो आणि नंतर एकदम गप्प झालो. कारण रस्त्यावरच्या कमाईला हात लावणं ही आमच्यात सगळ्यात खालची गोष्ट. बँडमध्ये ओवाळणीचे पैसे एकाच माणसाच्या टोपीत जातात आणि रात्री सगळ्यांसमोर मोजले जातात, कारण अंधारात दहाची नोट बाहीत सरकवणारा एक जण प्रत्येक पार्टीत असतोच. एकदा निफाडकडच्या लग्नात आमच्यातला एक जण असा सापडला. त्याला कोणी मारलं नाही, नुसतं परतीच्या टेम्पोत कोणी बोललं नाही, नाशिक येईपर्यंत. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. चार्लीच्या चेहऱ्यावर तेच आहे, पैसा गेला याचा राग नाही, गरिबानं गरिबाचं मारलं याचा आहे. लॉटननं हे एकही भाषण न देता दाखवलंय.

लॉटनबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तू त्याला जाडा म्हणून सोडून दिलंस. हा माणूस तेव्हा चाळिशीच्या आतला होता, १८९९ चा जन्म, आणि आठव्या हेन्रीच्या कामासाठी ऑस्कर मिळवून बसलेला. म्हणजे त्या वेळचा मोठ्यातला मोठा नट. आणि तो इथे काय करतोय तर एका सुमार कविता-म्हणणाऱ्याचं काम करतोय. हे किती अवघड आहे ते वाजवणाऱ्याला विचार. तू मुद्दाम बेसूर वाजवून बघ, लगेच कळतं की हा मुद्दाम करतोय. सुमार माणूस जसा मनापासून, पूर्ण विश्वासानं सुमार असतो तसं वाजवणं चांगल्या वादकाला जमत नाही. लॉटन चार्लीची टर उडवत नाही. चार्लीला खरंच वाटतं की आपण काहीतरी महान करतोय, हात असे फेकतो, आवाज असा घुमवतो, डोळे वर, आणि त्यातच चेहऱ्यावर असं काहीतरी येतं की क्षणभर आपल्यालाही वाटतं, च्यायला, हा खरंच चांगला आहे की काय. शाळेच्या गॅदरिंगला नाट्यछटा म्हणणारे आपले एक सर असायचे ना, प्रत्येक शाळेत असायचे, घामाघूम होऊन, आवाज फाटेपर्यंत, आणि पोरं खाली हसतायत पण शेवटच्या ओळीला एकदम शांत. अगदी तोच प्रकार.

दुसरी गंमत म्हणजे आजूबाजूची माणसं. चार्लीच्या गोटात एक उंच, हाडकुळा, जंटलमन टाइप माणूस आहे, तो टायरोन गथ्री. हा खरा कोण, तर नाटकाचा अव्वल दर्जाचा दिग्दर्शक, ज्यानं पुढे कॅनडात स्ट्रॅटफर्डचा शेक्सपिअर महोत्सव १९५३ ला उभा करून दिला आणि ज्याच्या नावाचं थेटर अमेरिकेत मिनियापोलिसला आहे. तो इथे टोपी फिरवतोय! आणि माउथ ऑर्गनवाला पोरगा दिसतो तो लॅरी ॲडलर. इथे मला थांबावंच लागेल, कारण मी हा पिक्चर मुळात शोधला तो ॲडलरसाठी.

ॲडलर बाल्टिमोरचा, १९१४ चा जन्म. माउथ ऑर्गन हे खेळणं नाही हे जगाला ज्यांनी पटवलं त्यात याचं नाव पहिलं. त्याला हार्मोनिका हा शब्दच आवडत नसे, तो माउथ ऑर्गनच म्हणायचा, आपल्यासारखं. साधा माउथ ऑर्गन दहा भोकांचा असतो, त्यात एका पट्टीचे सूर, कोमल-तीव्र सगळे सरळ मिळत नाहीत. ॲडलर वाजवायचा तो क्रोमॅटिक, त्याला बाजूला एक बटण असतं, दाबलं की सूर अर्ध्या पायरीनं वर जातो, म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्या हाताशी आल्या. मी हे ऐकून वाचून पहिला क्रोमॅटिक घेतला तेव्हा महिनाभर बटण दाबायचं आणि श्वास आत-बाहेर करायचा यांची सांगडच बसेना, ओठ सोलले गेले. नंतर व्हॉन विल्यम्ससारख्या संगीतकारानं या माणसासाठी खास ऑर्केस्ट्राबरोबरची रचना लिहिली. असा माणूस तुला इथे रस्त्यावरच्या गर्दीतला एक म्हणून दिसतो, त्याच्यावर स्पॉटलाइट नाही, त्याला हिरोचा क्लोजअप नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो जी फक्त वाजवणाऱ्याला दिसते. थंडीत माउथ ऑर्गन गार असला की श्वासातली वाफ आत पट्ट्यांवर थिजते आणि सूर अडकतात, क्रोमॅटिकमध्ये तर आतल्या पातळ पडद्या चिकटून फुर्र असा आवाज येतो. त्यामुळे वाजवायच्या आधी तो मुठीत किंवा बगलेत धरून गरम करावा लागतो. डिसेंबरात निफाडच्या लग्नात, जिथे पारा आपल्या नाशिकपेक्षाही खाली जातो, मी तो स्वेटरच्या आत पोटाशी बांधून ठेवायचो. क्लॅरिनेटचं वेगळंच, ती गार असली की सूर उतरतो आणि वाजवता वाजवता तापली की चढतो, म्हणजे पहिल्या गाण्यात लावलेली पट्टी तिसऱ्या गाण्याला खरी राहत नाही. त्या पिक्चरमधल्या रात्रीच्या रस्त्यावर ओव्हरकोट घातलेली ती माणसं बघितली की मला आधी त्यांचे हात दिसतात. स्टुडिओतला रस्ता असेल, मला माहीतच आहे, तरी.

तू 'दोस्ती'चं नाव काढलंस, की आपल्याकडे पण आहे की रस्त्यावर गाणाऱ्यांचा पिक्चर. आहे ना, १९६४ चा, एक पोरगा गातो, एक माउथ ऑर्गन वाजवतो, आणि तो माउथ ऑर्गन रेकॉर्डिंगला आर. डी. बर्मननं वाजवलाय, लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या संगीतात. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी तो ऐकूनच हे वाद्य हातात घेतलं, मी पण. पण फरक बघ. 'दोस्ती'मध्ये रस्त्यावर गाणं ही त्या पोरांवर आलेली वेळ आहे, आपण रडतो कारण त्यांनी तिथे नसायला पाहिजे होतं. चार्लीवर वेळ आलेली नाही. त्याचा तो धंदा आहे, त्याचा त्याला माज आहे. कॉमेडी होते ती या माजामुळे. दया आली की हसू जातं.

आता खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो, नाहीतर म्हणशील काका आंधळे झालेत. रेक्स हॅरिसन यात कोरडा आहे, त्याच्याकडे बघून लिब्बी का पाघळते ते मला चौथ्यांदा बघूनही कळलं नाही, बहुतेक सिगारेट केसकडे बघून. गाणी अमेरिकन आर्थर जॉन्स्टनची, चकाचक आहेत पण तू म्हणतोस तसं हातात काही उरत नाही. आणि लिब्बी स्टेजवर गेल्यानंतरची वीस मिनिटं म्हणजे तेव्हाच्या कुठल्याही नाटक-सिनेमाच्या धंद्यावरच्या पिक्चरमधली वाटतात, पार्ट्या, पोस्टर, बुके. तिथे मी चहा करून आणतो.

पण व्हिव्हियन ली. ही बाई आपल्या दार्जिलिंगची, म्हणजे जन्म तिथला, १९१३. या पिक्चरच्या वेळी तिला अजून जग ओळखत नव्हतं, 'गॉन विथ द विंड' दुसऱ्या वर्षी आला. तो एवढा चालला की मग अमेरिकेत १९४० ला हा पिक्चर 'साइडवॉक्स ऑफ लंडन' असं नाव बदलून लावला, म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोध. यात ती रिकाम्या बंद वाड्यात एकटी नाचते तो सीन आहे, तू त्या वेळी मोबाईल बघत होतास असा माझा संशय आहे. मोठ्या रिकाम्या खोल्या, सामान नाही, अंधार, आणि ही भुरटी पोरगी मालकीण असल्यासारखी त्यात फिरते, नाचते. समोर रांग नाही, टोपी नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये पैशासाठी न केलेला नाच तेवढाच, आणि नेमका तोच चोरून बघितला जातो. चार्ली तिला सगळं शिकवतो ते नंतर, पण हे तिचं आधीपासूनचं. मला विचारशील तर पिक्चरचं सगळ्यात सुंदर मिनिट ते. कॅमेरा ज्यूल क्रूगरचा, ज्यानं आबेल गान्सच्या 'नेपोलियन' या फ्रेंच मूकपटावर काम केलं होतं, आणि निर्माता एरिक पॉमर, 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट काढणारा, १९३३ ला नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला. त्यामुळे तो अंधार साधा इंग्रजी अंधार नाही, त्यात जर्मन पिक्चरची सावली आहे. पॉमर आणि लॉटननं मिळून मेफ्लॉवर नावाची कंपनी काढली होती, तीन पिक्चर केले आणि दुकान बंद. तिसरा हिचकॉकचा होता. हा मधला, त्यामुळे असेल, कोणाच्या लक्षात राहिला नाही.

शेवटाबद्दल. चार्ली बिघडतो, तुरुंगाची हवा खाऊन येतो, आंधळ्याचं सोंग घेऊन भीक मागायला लागतो, आणि तिथे त्याला आता स्टार झालेली लिब्बी भेटते. ती त्याची सोय लावते, खऱ्या थेटरात ऑडिशन. आणि तो तिथून परत रस्त्यावर येतो. तू म्हणालास हे काय, चान्स सोडून कोण देतं, हे फिल्मी आहे. मला यात काहीच फिल्मी वाटलं नाही आणि त्याचं कारण अनुभव आहे. एकदा आम्हाला एका मंगल कार्यालयाच्या आतल्या हॉलमध्ये, स्वागत समारंभाला, बसून वाजवायला बोलावलं होतं. आम्ही खूश, खुर्च्या, पंखे, समोर गालिचा. पहिलं गाणं सुरू केलं आणि पाहुण्यांनी कानावर हात ठेवले. ट्रम्पेट भद्रकालीच्या चौकात, मिरवणुकीत, ढोल आणि हॉर्न आणि फटाके यांच्यावरून पोचायला शिकलेला असतो, तो हॉलमध्ये भिंतीवर आपटून परत येतो. हळू वाजवा म्हणाले. हळू वाजवायला गेलो तर सूर लटपटायला लागले, कारण ओठांना ती सवयच नाही. तिसऱ्या गाण्याला मालकानं येऊन हळूच सांगितलं की जेवून घ्या. आम्ही वाईट वादक नव्हतो रे. आम्ही रस्त्याच्या मापाचे होतो. चार्लीचा आवाज, ते हात फेकणं, ते सगळं गाड्यांच्या आवाजावरून रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी वाढवलेलं आहे. बंद थेटरात ते तोकडं नाही पडत, जास्त पडतं.

आणि आपण तर कुसुमाग्रजांच्या गावचे. 'नटसम्राट' १९७० चं, त्यात बेलवलकर थेटरातून उतरत उतरत फुटपाथवर येतात, बूटपॉलिशवाल्या पोरापाशी, आणि आपण डोळे पुसतो. हा पिक्चर त्याच्या बरोबर उलटा आहे. इथे फुटपाथ हे घर आहे आणि थेटर ही परकी जागा. दोन्ही एकापाठोपाठ बघ एकदा, मी पैज लावतो तुला चार्ली जास्त आठवेल. बेलवलकरांना शेवटी काय हवं होतं, समोर कोणीतरी ऐकणारं. चार्लीपुढे ते रोज असतं, स्टूल टाकून बसलेलं.

आपल्याकडे असा पिक्चर का नाही झाला हे मला कळत नाही, माल तर ढिगानं आहे. लहानपणी आमच्या जुन्या नाशकातल्या गल्लीत पहाटे वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी, टाळ आणि चिपळ्या, तो दारात थांबून दान मागायचा आणि दान मिळालं की देवादेवाच्या नावानं ते पावतं करायचा, म्हणजे पावती पण गाण्यातच. बहुरूपी यायचा, पोलीस बनून बापाला धमकवायचा, आणि बापाला माहीत असूनही दोन सेकंद घाम फुटायचा. नंदीबैलवाला, पोतराज, डोंबारी. पंचवटी एक्सप्रेसला अपडाऊन करणाऱ्यांना विचार, डब्यात बोटांमध्ये दोन फरशीचे तुकडे धरून ताल देत गाणारा आला की सीटवरचा झोपलेला माणूस डोळे न उघडता बोटं वाजवायला लागतो. हा धंदा पण रांगेचाच आहे बघ, गाडीतला माणूस पण अडकलेलाच, पुढचं स्टेशन येईपर्यंत. इगतपुरीला गाडी थांबायच्या आत गाणं संपवून हात पुढे यायला लागतो. आणि फाळके नाशिकचेच ना, त्र्यंबकला जन्म, शेवट इथेच १९४४ ला. सिनेमा काढायच्या आधी ते प्रोफेसर केळफा नावानं जादूचे प्रयोग करायचे, फाळके उलटं वाचलं की केळफा. म्हणजे आपल्या सिनेमाच्या बापानं पण पब्लिक कसं धरायचं ते आधी जादूवर शिकून घेतलं होतं. त्याच गावात रस्त्यावरच्या कलाकारावर एक धड कॉमेडी निघू नये!

माझा स्वतःचा रांगेचा अनुभव सांगतो, हा मी घरी कधी सांगितलेला नाही. ऐंशीच्या दशकाचा शेवट, मी विशीत, नवीन क्रोमॅटिक घेतलेला, मित्रानं पैज लावली की एका टॉकीजबाहेर पहिल्या दिवसाच्या रांगेपुढे वाजवून दाखव. कुठली टॉकीज ते सांगत नाही. रांग वळसा घालून पानाच्या टपरीपर्यंत गेलेली. मी टोपी उलटी ठेवली, त्यात स्वतःच्या खिशातली दोन नाणी टाकली (रिकामी टोपी कोणी भरत नाही, हे बँडमध्ये शिकलेलो) आणि सुरू केलं. पाच मिनिटांत रंग भरला, मागचे लोक मान काढून बघायला लागले, दोघं-तिघांनी नाणी टाकली, एक म्हातारा आजोबा गुणगुणायला लागला. मी डोळे मिटले. ती चूक. अंतऱ्याच्या मधोमध खिडकी उघडली आणि जी झुंबड उडाली, डोळे उघडले तर समोर कोणी नाही, टोपी लाथेनं टपरीखाली गेलेली आणि मी एकटा हवेत सूर सोडतोय. फक्त एक जण उभा राहिला होता. तो ब्लॅकवाला. तिकिटं ब्लॅकनं विकणारा. तो जवळ आला आणि म्हणाला, भावा छान वाजवतोस, पण तुझ्यामुळे माझं गिऱ्हाईक रांगेत टिकून राहतंय, कंटाळून माझ्याकडे येत नाही, हे घे पाच रुपये आणि उद्या येऊ नको.

आयुष्यात न वाजवण्यासाठी मिळालेलं माझं ते पहिलं मानधन. पुढे वाचनात आलं की लंडनमध्ये ही तर जुनी परंपरा, एकोणिसाव्या शतकात तिथे रस्त्यावर हँडल फिरवून पेटी वाजवणारे खिडकीखाली मुद्दाम उभे राहायचे आणि लोक त्यांना जा म्हणून पैसे द्यायचे. कॉम्प्युटरचा पूर्वज बनवणारा चार्ल्स बॅबेज तर त्यांच्यामुळे एवढा वैतागला होता की त्यानं त्यांच्याविरुद्ध मोहीमच काढली, आणि १८६४ ला रस्त्यावरच्या संगीताला आवर घालणारा कायदा झाला. त्यावर चिडून लोक त्याच्या घराखाली मुद्दाम जास्त वाजवायला लागले म्हणे. या माणसांचाच पणतू चार्ली. पोलीस दिसला की सामान उचलायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे.

आता तुझ्या गोदापार्कवर लोकांपुढे वाजवायच्या बेताबद्दल, कारण पेनड्राइव्ह द्यायला आलास तेव्हा तोही विषय होता. गोदापार्कवर लोक चालायला येतात, चालणारा माणूस थांबत नाही, त्याला पावलं मोजायची असतात. तुला रांग शोधायला पाहिजे. संध्याकाळी मिसळ किंवा पाणीपुरीच्या गाडीसमोर टोकन घेऊन उभे राहिलेले लोक, रविवारी सकाळी तर विचारूच नको, पाऊण पाऊण तास. मालकाला आधी विचारून घे, तो हो म्हणेल, कारण वाट बघणारा चिडत नाही. ॲम्प्लिफायर नेऊ नकोस. केसमध्ये सुरुवातीला स्वतःचे वीस-तीस रुपये टाक, एक दहाची नोट वर दिसेल अशी, आणि हल्ली सुट्टे कोणाकडे नसतात म्हणून क्यूआरचा कागद पण लाव, पण तो मोठा लावू नकोस, मोठा लावला की दुकान वाटतं. टोकनचा नंबर पुकारतो त्या पोराकडे एक कान ठेव. आणि डोळे मिटू नकोस.

पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही. हवा असेल तर घेऊन जा, सुरुवातीचा रांगेचा भाग आणि रिकाम्या घरातला नाच एवढंच परत बघ, मोबाईल बाजूला ठेवून, बाकीचं सोड. आणि गिटारची ती तिसरी तार बदल, परवा बोलत होतास तेव्हा मी ऐकली, पार उतरलेली आहे.